घसरडी वाट, मऊ बर्फ आणि मामेभावाचा हट्ट

ताई,

मी अंबाजोगाईची, वय 27, क्लासमध्ये गणित शिकवते. मागच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण एका ट्रेकिंग कंपनीबरोबर उत्तराखंडातला केदारकंठा करून आलो. शिखर झालं, पण मजा आली नाही. पहाटे तीनला निघालो तर पुढंमागं नुसते हेडलॅम्प. माथ्यावर फोटोसाठी रांग. वाटेवरचा बर्फ तुडवून तुडवून इतका कडक झाला होता की उतरताना मी किती वेळा आपटले ते सांगत नाही. तेव्हा माझ्या मामेभावानं एक गोष्ट हेरली. वाट सोडून बाजूच्या मऊ बर्फात पाय टाकला की घसरतच नाही.

आता जानेवारीच्या शेवटी परत जायचं ठरतंय. मामेभाऊ (31), त्याचे दोन मित्र, माझा धाकटा भाऊ (21) आणि मी. कंपनी नाही, गाइड नाही. शेवटच्या कॅम्पपर्यंत नेहमीची वाट, तिथून वाट सोडून एका घळीतून सरळ माथ्यावर. ही घळ त्यानं मागच्या वेळी खालून बघून ठेवलीय. कुणाची तरी जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेली वाट, पण मिळवलीय. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानं घ्यायचे. घरी 'कंपनीबरोबरच जातोय' असं सांगायचं ठरलंय.

माझे प्रश्न तीन. मऊ बर्फातून जाणं जास्त सुरक्षित, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे का? सामान काय काय लागेल? आणि मी नाही म्हटलं तरी ते जाणारच, भाऊही जाणार. मग मी सोबत असलेली बरी नाही का?

– बर्फवेडी, अंबाजोगाई


तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी दिली तर तुमची मंडळी सामानाची यादी उतरवून घेतील आणि बाकीचं वाचायचं राहून जाईल, असा मला दाट संशय आहे. तर, नाही. तू जाऊ नकोस. भाऊ जाणार असला तरी जाऊ नकोस. 'मी सोबत असलेली बरी' हे वाक्य आपल्याकडच्या बहिणींच्या तोंडी फार येतं. दवाखान्यात, कोर्टकचेरीत, कॉलेजच्या ॲडमिशनला ते खरंही असतं. पण गोठलेल्या उभ्या उतारावर तू भावासाठी नेमकं काय करणार आहेस? दोर नाही, दोर वापरायचं शिक्षण नाही, घसरत निघालेल्या माणसाला थांबवायचं साधन नाही. तुझ्या असण्यानं धोका कमी होत नाही, फक्त एकाच घरातली दोन लेकरं त्यात अडकतात. शिवाय तू गेलीस की या बेताला तुझी संमती आहे असा अर्थ होतो. विचार करून बोलणारी म्हणून तुझा शब्द त्या गटात चालत असणार. तो तिकीट काढायच्या आधी, अंबाजोगाईतच वापर.

आता मामेभावाचं निरीक्षण. ते खोटं नाही, आणि मला काळजी वाटते ती त्यामुळेच. साफ चुकीचं असतं तर सांकरीतल्या कुठल्याही पोरानं हसून ते मोडीत काढलं असतं.

गर्दीच्या वाटेवर काय होतं ते बघ. दिवसभर शेकडो बूट बर्फ दाबतात, दुपारच्या उन्हात वरचा थर थोडा ओलसर होतो, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि पहाटे तिथं कठीण, गुळगुळीत लादी तयार असते. जंगलातल्या सौम्य चढावर त्या लादीवरून हातभर बाजूला सरकून चाललं तर पकड चांगली मिळते. गाइडही लोकांना तसंच चालवतात. सांकरीहून जुडा का तालाब या मुक्कामाच्या तळ्यापर्यंत आणि त्याच्या पुढं झाडं आहेत तोवर त्याचं म्हणणं मला मान्य आहे.

झाडं संपली की हिशोब बदलतो. मोकळ्या उतारावर आकाशातून जेवढा बर्फ पडतो त्यात वारा आपली भर घालतो. धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो दुसऱ्या, आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. घळी अशाच भरतात. हा वाऱ्यानं दाबून बसवलेला बर्फ पायाला छान लागतो, बूट रुततो, घसरत नाही, माणसाला हुरूप येतो. पण त्याच्या खाली हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला पातळ थर असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर कडाक्याची थंडी, अशी तफावत आठवडेच्या आठवडे राहिली की त्या खालच्या थरातले कण एकमेकांना सोडून देतात. मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही. सावलीच्या, उत्तरेकडच्या उतारांवर हे जास्त होतं. खळ्यावर ज्वारीची रास आहे आणि तिच्या उतारावर कुणी लाकडी फळी टाकलीय, असं समज. फळी तशी राहील दिवसभर. तिच्यावर पाय दिला की फळी, माणूस आणि दाणे एकदमच खाली. हिमस्खलन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वरून कोसळणारा डोंगर येतो. प्रत्यक्षात ट्रेकर आणि गिर्यारोहक ज्यांत सापडतात त्यांतली बहुतेक हिमस्खलनं त्यांच्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनानं सुटलेली असतात.

हे मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर घडतं. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो आणि त्याहून उभ्या जागी तो फारसा साठतच नाही. तू गणिताची बाई आहेस, तुला कोनाची भीती नाही. फोनमधल्या क्लिनोमीटरनं उतार मोजता येतो, नकाशातल्या समोच्च रेषांवरूनही काढता येतो. मामेभावाला साधं विचार: घळीचा कोन किती? 'सरळ वर जाते, चढता येईल' असं उत्तर आलं तर त्यानं मोजलेला नाही. खालून बघणाऱ्याला 'सरळ वर नेणारी, जमेल अशी' वाटणारी घळ बहुतेक वेळा याच मापात बसते.

तुम्हाला वाट सोडायची भीती का वाटत नाही, ते मला कळतं. आपण बालाघाटात आणि अजिंठ्याच्या डोंगरांत पाय तयार केलेली माणसं. अंतूरला किंवा गौताळ्याच्या रानात मळलेली वाट सुटली तर फार तर काय होतं? घाणेरीत कपडे फाटतात, दोन तास उन्हात जातात, मग एखादी ढोरवाट लागते, नाही तर शेळ्या राखणारा कुणी तरी 'इकडं कुठं, पाव्हणं?' म्हणत समोर उभा राहतो. नाळेतून चढायची तर आपल्याला सवयच. घसारा असला तरी बूड टेकवून उतरता येतं. इथं चूक झाली तर ती दुरुस्त करायला अर्धा दिवस हाताशी असतो. केदारकंठ्याच्या त्या अंगाला जानेवारीत शेळ्या राखायला कुणी नसतं. मेंढपाळ थंडीच्या आधीच खाली उतरतात.

बरं, हिमस्खलन झालंच नाही असं धरू. वाऱ्यानं घट्ट केलेला तोच बर्फ पहाटे इतका कडक असू शकतो की बुटाची टाच मारली तर नुसती खूण उठते. अशा उतारावर पाय निसटला तर पहिल्या एकदोन सेकंदांत काय ते थांबायचं, नंतर थांबणं जवळपास हातात राहत नाही. अंगावरचं जॅकेट आणि पॅन्ट सिंथेटिक, बर्फावर ते कपडे रोखत नाहीत, उलट वेग वाढवतात. मग खाली काय आहे यावर सगळं ठरतं. खाली लांब, सपाट, मोकळं मैदान असेल तर माणूस कपडे झटकून उठतो. घळीच्या तोंडाशी सहसा खडक किंवा झाडं असतात.

इथं मायक्रोस्पाइक्सचा विषय येतो आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. बर्फातल्या ट्रेकला जाणाऱ्या पोरांचा त्यांच्यावर नको तेवढा विश्वास बसलाय. रबरी पट्टा, साखळी आणि सेंटीमीटरभर लांबीचे दात, एवढीच ती वस्तू. कडक झालेल्या वाटेवर, सौम्य चढउतारावर ती फार उपयोगी. मागच्या वर्षी तुझं आपटणं तिनं थोडं तरी कमी केलं असणार. पण उतार उभा झाला की पाऊल पूर्ण टेकत नाही, रबर ताणून एका बाजूला सरकतं आणि दात भलतीकडेच लागतात. उभ्या, कडक बर्फासाठी क्रॅम्पॉन्स असतात, दहा-बारा लांब पोलादी दातांचे. ते भाड्याच्या लवचीक बुटांवर नीट बसत नाहीत, त्यांना ताठ तळव्याचा बूट लागतो. आणि ते घालून कसं चालायचं हे शिकावं लागतं, नाही तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पॅन्टमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. जोडीला आइस ॲक्स. घसरल्यावर तिच्यावर छातीचा भार टाकून थांबायचं असतं. हे तंत्र व्हिडिओ बघून समजतं, येत नाही. पालथं पडल्यावर, उताणं पडल्यावर, डोकं खाली असताना, अशा सगळ्या तऱ्हांनी ते सुरक्षित उतारावर पुन्हापुन्हा करून अंगात मुरवावं लागतं. ट्रेकिंग पोल हा त्याला पर्याय नव्हे. तुमच्या पाचांपैकी कुणी हे शिकलेलं असेल असं पत्रावरून वाटत नाही.

मामेभाऊ म्हणेल, माथा गाठला की उतरायचं नेहमीच्या वाटेनंच. ठीक. आणि पाऊण घळ चढून पुढं जाता आलं नाही तर? तेव्हा उतरायचं त्याच घळीनं, थकलेल्या पायांनी, उन्हानं वरचा थर सैल झाल्यावर. चढताना तोंड बर्फाकडं असतं, उतरताना दरीकडं; तुमच्यातलं कुणी तरी तिथं जागच्या जागी थिजून उभं राहील आणि बाकीच्या चौघांनाही उभं करील. घळीच्या डोक्यावर आणखी एक गोष्ट असू शकते. वाऱ्यानं धारेच्या कडेपलीकडं बर्फ हवेत पुढं वाढत जातो, त्याला कॉर्निस म्हणतात. खालून येणाऱ्याच्या डोक्यावर तो लटकतो. वरून येणाऱ्याला वाटतं आपण डोंगरावर उभे आहोत, पण पायाखाली डोंगर नसतोच.

त्या जीपीएक्स फाइलबद्दल दोनच प्रश्न. ती कुठल्या महिन्यात नोंदवली आणि कुणी? मे महिन्यात गवतावरून चाललेल्या माणसाची रेघ जानेवारीत भरलेल्या घळीवरून जाते, फाइलला त्यातलं काही माहीत नसतं. जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक नेहमीच असतो. रानात तो चालून जातो, कॉर्निसच्या काठावर चालत नाही. शिवाय थंडीत फोनची बॅटरी पटापट उतरते, कधी तीस टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. वाट सोडल्यावर नेमका त्याच फोनवर सगळा भरवसा.

वेळेचा हिशोबही मला जमलेला दिसत नाही. केदारकंठा 3,810 मीटर, सुमारे 12,500 फूट. मळलेल्या वाटेवर पुढच्यांनी पायऱ्या पाडलेल्या असतात. वाट सोडली की त्या तुम्हालाच पाडायच्या, आणि गुडघाभर बर्फात वेग निम्म्याच्याही खाली येतो. वरचा पापुद्रा पाऊल पेलतोय असं वाटतं तोवर मांडीपर्यंत पाय आत जातो. प्रत्येक पावलाला हेच. या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण 63 टक्के मिळतो. जुडा का तालाब सुमारे 2,770 मीटरवर, तिथून बेस कॅम्प सुमारे 3,430 मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा संकेत आहे, म्हणजे नेहमीचं वेळापत्रकसुद्धा त्या मापाला थोडं घाईचंच. उंचीच्या त्रासानं डोकं ठणकत असलेल्या माणसानं बर्फातला धोका ओळखायचा, ही अपेक्षाच चूक. जानेवारीच्या शेवटी तिथं सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि घळीत त्याच्या बरीच आधी सावली येते.

थंडीचं म्हणशील तर आपल्याकडं परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा खाली गेला की पेपरात बातमी येते आणि आपण शेकोट्या पेटवतो. तिकडं उणे दहा ही जानेवारीतली साधी रात्र आहे. त्यात ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीसच्याही खाली लागतं. 2024 च्या जूनमध्ये, ऐन उन्हाळ्यात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट वादळी बर्फात सापडला आणि त्यातले 9 जण गेले. त्यांच्याबरोबर स्थानिक गाइड होते. हे मुद्दाम सांगते, कारण गाइड घेतला म्हणजे हवामान आपल्या बाजूचं झालं असंही कुणी समजू नये.

गारठलेला माणूस 'मी गारठलोय' असं सांगत नाही. तो आधी चिडचिडा होतो, मग चेन लावायला बोटं वळत नाहीत, मग अडखळतो, जीभ जड होते. थरथरणं थांबलं आणि तो शांत झाला तर बरं वाटतंय असं नाही, प्रकरण फार पुढं गेलंय. त्याला ओल्या कपड्यांतून बाहेर काढायचं, वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, जमिनीपासून वेगळं करायचं, शुद्धीवर असेल तर गरम गोड काही पाजायचं. दारू अजिबात नाही; आतून ऊब वाटते पण कातडीच्या रक्तवाहिन्या उघडून अंगातली उष्णता बाहेर जाते. बोटं पांढरी, बधिर झाली तर बर्फानं चोळायची नाहीत. कुठल्याशा सिनेमात बघून लोक तसं करतात.

मदत किती वेळात येईल, हेही विचारात घ्या. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेवढ्या वेळात त्याला काढू शकणारे फक्त सोबतचेच लोक, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सिव्हर (गाडलेला कुठं आहे ते दाखवणारं रेडिओ यंत्र), पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी लागते. तुमच्याकडं यातलं काही नसेल. एसडीआरएफची, म्हणजे राज्याच्या आपत्ती बचाव दलाची, माणसं कष्टाळू आहेत, पण तुमची खबर त्यांना मिळून ती पोहोचायला तास लागतात. मामेभावाचा कुणी मित्र परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणून देत असेल तर तोही नको. आपल्या देशात परवान्याशिवाय अशी उपकरणं बाळगणं बेकायदेशीर आहे, त्यावरून लोकांना विमानतळावर अडवून ताब्यात घेतलं गेलंय.

म्हणजे बर्फात जायचंच नाही का? जा ना. मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनापासून पटली आहे, ती म्हणजे रांगेतून शिखर गाठण्यात मजा नाही. पंचवीस-पंचवीसचे गट एकापाठोपाठ एक सोडणाऱ्यांबद्दल माझं मत फार बरं नाही. पण गर्दी टाळायला घळीतच शिरावं लागतं असं कुठंय? गर्दी नाताळ ते नववर्ष या दिवसांत उसळते. मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी जा. बर्फ तेव्हाही भरपूर असतो, दिवस मोठा असतो, थंडी सोसवते. सांकरीत स्थानिक गाइड मिळतात. कंपनी न घेता पाच जणांत एक गाइड आणि एक मदतनीस घेतला तर तुम्हाला तुमच्या चालीनं जाता येतं. त्याला सांगा, गर्दीच्या बाजूनं नको. केदारकंठ्याला एकापेक्षा जास्त वाटा आहेत आणि त्यातली कुठली त्या आठवड्यात जायच्या लायकीची आहे ते तो सांगेल. तो 'नको' म्हणाला तर वाद घालायचा नाही, एवढं आधीच ठरवा. भाग गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत येतो, वन खात्याची परवानगी आणि शुल्क असतं, तीही त्याच्याकडून नीट करून घ्या. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघा. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते, तेही बघा. ते जिल्ह्यापुरते असतात, तुमच्या घळीपुरते नसतात, पण इशारा मोठा असेल तर गावातच थांबायला तेवढं पुरतं.

आणि वाट सोडून चढायचंच असेल, म्हणजे खरोखर गिर्यारोहण करायचं असेल, तर मामेभावाला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करू दे. साधारण चार आठवड्यांचा असतो, जागा लवकर भरतात, नोकरीला सुट्टी काढावी लागते. तो म्हणेल, कोर्स केलेलेही जिवानिशी जातात. जातात. 4 ऑक्टोबर 2022 ला याच संस्थेचा प्रशिक्षणार्थींचा गट द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडला, 27 मृतदेह काढावे लागले. शिकलेल्यांना डोंगर सवलत देत नाही हे त्याचं म्हणणं मान्य करून त्याला विचार, मग न शिकलेल्यांना का देईल?

सामानाचं आता सांगते, पण हे मार्चच्या, वाटेवरच्या, गाइडबरोबरच्या ट्रेकसाठी. सुती काही नको, बनियनसुद्धा. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलं की तोच घाम अंगावर थंड होतो. आपल्याकडची माणसं थंडीच्या धास्तीनं निघतानाच सगळं अंगावर चढवतात, अर्ध्या तासात घामानं भिजतात आणि माथ्यावर कुडकुडतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जॅकेट थांबल्यावर घालायचं, चालताना नाही. हातमोज्यांचे दोन जोड, एक ओला झाला तर दुसरा. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हानं डोळे भाजतात, म्हणून अतिनील किरण अडवणारा गॉगल, ढगाळ दिवशीही. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणं) आणि मायक्रोस्पाइक्स सांकरीत भाड्यानं मिळतात, पण घेताना रबर ताणून बघ, साखळीचे दुवे तपास. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेव, पाणी वरून गोठायला लागतं म्हणजे तोंड मोकळं राहतं. नळीवाली पिशवी नको, नळी आधी गोठते. चॉकलेट दगड होतं. शेंगदाणे-गूळ, खजूर चालतात. धपाटे आतल्या खिशात ठेवले तर दुसऱ्या दिवशीही तोडता येतात, बॅगेत ठेवले तर नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्ससारख्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

राहिला घरचा विषय. खोटं सांगून जाण्याबद्दल मी तुला नीतीचे धडे देत नाही. सत्तावीस वर्षांची आहेस. अडचण वेगळीच आहे. घरच्यांना वाटेल तुम्ही कंपनीबरोबर आहात. फोन लागला नाही तर ते कंपनीला विचारतील, कंपनी म्हणेल नावंच नाहीत, आणि तुम्ही डोंगराच्या कुठल्या अंगाला आहात हे सांगू शकणारं एकही माणूस खाली नसेल. शोधणाऱ्यांना पहिला दिवस तुम्ही नेमके कुठं गेलात हे शोधण्यातच घालवावा लागेल.

भावाशी आधी बोल, एकटीनं, मामेभाऊ नसताना. एकवीस वर्षांच्या पोराला मोठ्या भावासमोर नाही म्हणता येत नाही, तुझ्यासमोर येईल. त्याला घाबरवू नकोस, घळीचा कोन आणि क्रॅम्पॉन्सचं विचार. मग मामेभावाशी बोल. त्याच्याशी बोलताना 'तू चुकलास' नको. मऊ बर्फाचं तू बरोबर ओळखलंस, पण जंगलापुरतं, असं सांग. माणूस अर्धा जिंकला की उरलेलं ऐकतो. मार्चचा बेत तयार करूनच बोलायला जा, तारखा, गाइड, खर्च सगळं कागदावर. नुसतं नाही म्हणणाऱ्याला पोरं भित्रं म्हणतात, दुसरा बेत आणणाऱ्याबरोबर निदान बसून चर्चा करतात. आणि कुठल्याही बेतात दोन गोष्टी निघायच्या आधी सगळ्यांकडून कबूल करून घे: पाचांतला एक जण जरी 'परत फिरू' म्हणाला तरी सगळे फिरतील, आणि ठरलेली वेळ झाली की माथा पन्नास पावलांवर असला तरी तिथूनच परत. ही वेळ सांकरीत चहा पिताना ठरवायची, वर गेल्यावर नाही.

हे सगळं करूनही ते तिघं घळीलाच जायचं म्हणाले तर तू आणि भाऊ राहा मागं. त्यांनी चिडायचं तेवढं चिडू दे. त्यांचा मार्ग, परतायची वेळ आणि पाच वाजेपर्यंत न आल्यास कुणाला कळवायचं, हे लिहून घे. एक प्रत मामींकडं आणि एक सांकरीत ते जिथं उतरतील तिथल्या मालकाकडं. मामींना खरं सांगायचं काम तुझ्याकडं आलं तर ते कर. मामेभाऊ दोनतीन महिने बोलणार नाही, एवढंच होईल.

मार्चचं ठरलं तर परभणीहून सचखंड एक्सप्रेसचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, होळीच्या आसपास गाडी भरलेली असते. दिल्लीहून आधी डेहराडून गाठायचं, आणि डेहराडूनहून सांकरी हा रस्ताच दिवसभराचा आहे, तेव्हा सांकरीत एक रात्र जास्तीची धरा.